कोर्ट ‘म्हणालं’ की कोर्टाने ‘आदेश दिला’? बातमी इथेच गंडते

नमस्कार. आधी तुमचा नेहमीचा प्रश्न उरकून टाकते. पत्रकार नसलेल्याला कोर्टात बसू देतात का? देतात. फौजदारी कोर्टासाठी बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३६६, दिवाणीसाठी सीपीसीचं (दिवाणी प्रक्रिया संहिता) १५३-ब. प्रेस कार्ड लागत नाही. फोन सायलेंट, रेकॉर्डिंग नाही, मागच्या बाकावर बसायचं. बलात्काराचे आणि पोक्सोचे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा कायदा) खटले मात्र बंद दाराआड चालतात.

आता खरं दुखणं. ‘कोर्टाचा पालिकेला दणका!’ अशी बातमी येते. आदेश उघडावा, तर आत काय? ‘प्रतिवादींनी तीन आठवड्यांत प्रतिज्ञापत्र दाखल करावे.’ अरे, दणका कुठाय?

सुनावणीत न्यायाधीश वकिलाला खोदून खोदून विचारतात, कारण मुद्दा टिकतो का ते बघायचं असतं. आत्ता सरकारी वकिलाची खरडपट्टी, तर अर्ध्या तासाने याचिकाकर्त्याची. बातमीदार पहिल्या अर्ध्या तासानंतर उठून गेला, की निम्मी सुनावणीच छापून येते.

‘मग तोंडी शेरे छापायचेच नाहीत का?’ असं कमेंटमध्ये विचारलंय. तोंडी शेरे म्हणजे न्यायाधीश सुनावणीत बोलतात, पण आदेशात लिहीत नाहीत ते. छापा की! एप्रिल २०२१ मध्ये मद्रास हायकोर्टाने निवडणूक आयोगावर खुनाचा गुन्हा नोंदवायला हवा, असं तोंडी सुनावलं. तो शेरा वगळावा म्हणून आयोग सुप्रीम कोर्टात गेला. ६ मे २०२१ च्या निकालात दोन गोष्टी होत्या. शेरा आदेशात नव्हताच, तेव्हा तो वगळण्याचा प्रश्न येत नाही. आणि माध्यमांना तोंडी शेऱ्यांच्या बातम्या देण्यापासून रोखता येणार नाही. म्हणजे छापायला मुभा आहे, पण शेऱ्याला आदेश म्हणून खपवू नका.

लाइव्ह स्ट्रीमिंग आल्यावर तर कहर झालाय. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये त्याला होकार दिला आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाच्या (किमान पाच न्यायाधीशांचं पीठ) सुनावण्या दिसू लागल्या. छान झालं. पण चाळीस सेकंदांची कापलेली क्लिप फिरते, तिच्यात प्रश्न असतो, वकिलाचं उत्तर नसतं. क्लिप पाठवून ‘हा बघा निकाल’ म्हणणाऱ्यांनो, निकाल असा नसतो हो.

तपासायचं कसं? ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर १६ अक्षरी सीएनआर नंबर (खटल्याचा ओळख क्रमांक) टाका, त्या तारखेचा आदेश उघडा आणि शेवटचा परिच्छेद आधी वाचा. ‘निर्देश देण्यात येतात’, ‘स्थगिती’, ‘फेटाळण्यात येते’ असं काही नसेल, तर फार तर पुढची तारीख पडलीय. खालच्या कोर्टात रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद, बघा. प्रमाणित नक्कल हवी असेल आणि तुम्ही पक्षकार नसाल, तर बऱ्याच हायकोर्टांच्या नियमांप्रमाणे कारण लिहून अर्ज करावा लागतो. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये असे नियम योग्यच ठरवले. कामकाजाचं रास्त आणि अचूक वार्तांकन केलंत, तर न्यायालय अवमान कायद्याचं कलम ४ तुमच्या बाजूला आहे.

आणि एक. ‘पीडितेचं नाव सगळ्यांना माहितीये, मग तुम्हीच का लपवता?’ कारण लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड केली, तर बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम ७२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आहे. नुसतं नाव टाळूनही भागत नाही. गाव, शाळा आणि वडिलांची नोकरी एका बातमीत आली, की शेजारी ओळखतातच. पीडिता हयात नसली तरी हेच लागू, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय. तेव्हा कमेंटमध्ये नाव दिसलं की ती कमेंट उडणार, आणि त्यावर वाद घालणारीही.