फिक्स गिअरवर टाइम ट्रायल: मागे किती दाते लावायचे?

राम राम मंडळी. रविवारची पहाट आहे, मृग तोंडावर आलाय आणि मी सांगलीवाडीच्या पुढं, आष्ट्याच्या रस्त्याच्या कडेला उभा आहे. दोन्ही बाजूंना ऊस. अजून नीट उजाडलेलं नाही, म्हणून टॉर्चच्या उजेडात सायकल दाखवतो.

(मागचं चाक उचलून कॅमेऱ्याजवळ)

पायडल फिरवलं, चाक फिरलं. आता पायडल धरून ठेवतो. चाक थांबलं. पायडल उलटं फिरवतो, चाकही उलटं फिरतंय. पाय थांबवला तरी चाक फिरू देणारी फ्रीव्हीलच नाही, त्यामुळे ती टकटकही नाही. तुम्ही म्हणाल, असली सायकल कधी बघितली नाही. बघितलीय. तुमची पहिलीवहिली सायकल असलीच होती. तीनचाकी, पुढच्या चाकालाच पायडल. अंगणातल्या उतारावर ती पळाली की पायडल गरागरा फिरायचं आणि आपण पाय वर उचलून ओरडायचो. तेच हे. याला फिक्स गिअर म्हणतात, आमच्यात नुसतं ‘फिक्स’.

हिच्यावर आज दहा किलोमीटरची टाइम ट्रायल करणार आहे. डिग्रजच्या दिशेनं पाच किलोमीटर जायचं, वळायचं, पाच परत यायचं. टाइम ट्रायलमध्ये एकेक जण ठरावीक अंतरानं सुटतो आणि प्रत्येकाची वेळ वेगळी मोजतात. पुढच्याच्या मागं लपून वारा चुकवायला बंदी. तुम्ही आणि घड्याळ, तिसरं कुणी नाही.

मला नेहमी एक प्रश्न येतो: गिअर नसलेल्या सायकलवर वेळ कशी काढणार? अहो, गिअर आहे. एकच आहे. तो कोणता, हे रस्त्यावर ठरवता येत नाही, आदल्या रात्री पाना हातात घेऊन ठरवावं लागतं. फिक्सवरच्या टाइम ट्रायलचं निम्मं काम त्या रात्री होतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आज त्या रात्रीबद्दलच बोलू.

(पुढची चक्री दाखवत)

पुढं ४८ दाते, मागं समजा १६. भागाकार तीन. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक तीनदा फिरतं. या टायरचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे एका फेऱ्यात सायकल ६.३ मीटर पुढं जाते. मिनिटाला ९० फेरे मारले तर ताशी ३४ किलोमीटर. एवढं गणित वहीत मांडा, बाकी सगळं यावरच आहे.

आता वाऱ्याचं घ्या. जून ते सप्टेंबर आपल्याकडं वारा पश्चिमेचा. हा रस्ताही पश्चिमेला जातो. म्हणजे जाताना वारा छातीवर, येताना पाठीवर. समजा जाताना २८चा वेग मिळाला आणि येताना ४०चा. ४८ बाय १६वर जाताना मिनिटाला ७४ फेरे पडतील, येताना १०६. म्हणजे जाताना मांड्या भरून येतील, येताना पाय शिवणयंत्रासारखे पळतील, पण दोन्ही जमण्यासारखं आहे. मागं १७ लावले तर ७९ आणि ११२. आणि १८ लावले तर जाताना ८३, एकदम सुखाचं. पण येताना ११९. अर्धा मिनिट ११९ कुणीही मारेल. साडेसात मिनिटं मारायला फार सराव लागतो. पाय इतके जोरात फिरायला लागले की ढुंगण सीटवर उडायला लागतं, खांदे हलतात, श्वास तुटतो. गिअरची सायकल असती तर अंगठा दाबला असता. इथं पाय थांबवायचीसुद्धा सोय नाही.

उलट बाजूची चूक मी स्वतः केलीय. कुणीतरी सांगितलं, मोठा गिअर म्हणजे मोठा वेग, आणि मी ५० बाय १५ लावून आलो. एका फेऱ्यात सात मीटर. त्या दिवशी वारा असा होता की उसाचे शेंडे एका बाजूला झोपलेले. २८चा वेग धरायला मिनिटाला ६७ फेरे पुरेत, ऐकायला सोपं वाटतं. पण प्रत्येक फेरा पोतं ढकलल्यासारखा. तिसऱ्या किलोमीटरला गुडघ्याच्या वाटीखाली कळ यायला लागली, मी उभा राहून मारायला लागलो, आणि उभं राहिलं की अंगावर वारा दुप्पट घेतल्यासारखा वाटतो. वळण येईपर्यंत पाय संपले. परतीला वारा ढकलत होता, गिअर त्या वेगाला अगदी बरोबर होता, पण मारायला पायच उरले नव्हते. पुढचे आठ दिवस जिना उतरताना तो गुडघा बोलत होता.

मागच्या चक्रीचा एक दाता म्हणजे साधारण सहा टक्के फरक. सहा टक्के कागदावर काही वाटत नाहीत, वाऱ्यात सगळं तेवढंच असतं. आज मी १७ लावलेत. का, ते शेवटी सांगतो.

ही शर्यत आली कुठून, तेही थोडक्यात सांगतो, कारण फिक्सशी तिचं नातं जुनं आहे. १८९०च्या दशकात इंग्लंडमध्ये सायकलच्या शर्यतींमुळं रस्त्यावर तक्रारी व्हायला लागल्या, आणि तिथल्या राष्ट्रीय संघटनेनं उघड्या रस्त्यावरच्या शर्यती बंद केल्या. तेव्हा फ्रेडरिक टॉमस बिडलेक नावाच्या माणसानं वाट काढली: सगळ्यांना एकत्र सोडायचंच नाही. ५ ऑक्टोबर १८९५ला ५० मैलांची अशी पहिली टाइम ट्रायल झाली. पुढं कित्येक वर्षं तिथले सायकलपटू पहाटे, काळे कपडे घालून, शर्यत चाललीय हे कुणाला कळू नये अशा बेतानं धावायचे. रस्त्यांना नावांऐवजी सांकेतिक क्रमांक असायचे. आणि त्यातले बहुतेक फिक्सवर असायचे. एक चेन, दोन चक्र्या, वजन कमी, बिघडायला काही नाही. टूर द फ्रान्समध्येसुद्धा गिअर बदलणाऱ्या डिरेल्युअरला परवानगी मिळाली ती १९३७मध्ये.

आणि घड्याळाशी लढायची सगळ्यात मोठी शर्यत, एका तासात जास्तीत जास्त अंतर कापायचा विक्रम, आजही फिक्सवरच होते, कारण ट्रॅकवर फ्रीव्हीलही चालत नाही आणि ब्रेकही. बेल्जियमच्या एडी मर्क्सनं २५ ऑक्टोबर १९७२ला मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत ४९.४३१ किलोमीटर मारले, ५२ बाय १४वर. इटलीच्या फिलिप्पो गान्नानं ८ ऑक्टोबर २०२२ला स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंखेनला ५६.७९२ मारले, ६५ बाय १४वर. पुढं ६५ दाते! म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी चक्री. पण ते बंदिस्त ट्रॅकवर, जिथं वारा नाही, चढ नाही, ट्रॉली नाही. तो आकडा बघून आपल्या रस्त्यावर तसला गिअर लावू नका.

आता जिवाशी संबंधित गोष्ट. ही मी घाईत सांगणार नाही.

(मागच्या हबवर टॉर्च)

हे जवळून बघा. मागची चक्री हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी बसते. पायडल पुढं मारलं की ती आवळते. पण फिक्सवर वेग कमी करायला आपण पायडलला मागं जोर देतो, तेव्हा तीच चक्री सुटायला बघते. म्हणून तिच्याबाहेर ही पातळ रिंग असते, लॉकरिंग. हिचे आटे उलटे, डावे. चक्री सुटायला लागली की ती या रिंगवर दाबते आणि रिंग आणखी आवळते. फार हुशार रचना आहे. पण त्यासाठी हबवर दोन वेगळ्या मापांचे आटे लागतात. साध्या सायकलच्या फ्रीव्हीलच्या हबवर एकच आटा असतो. त्याच्यावर फिक्सची चक्री बसते, घट्टही होते, आणि तिथंच माणूस फसतो.

माझी पहिली फिक्स अशीच झाली होती. जुनी फ्रेम, फ्रीव्हील काढली, त्याच आट्यावर चक्री आवळली, लॉकरिंग नाही. ज्यांनी करून दिली त्यांनी सांगितलं, काही होत नाही, पायानंच घट्ट होते. पंधरा दिवस काही झालं नाही. सोळाव्या दिवशी एका वळणावर समोर म्हैस आली, मी पायडल मागं दाबलं आणि पायाखालचा जोर एकदम गेला. चक्री सुटून हबवर फिरत होती. पुढं ब्रेक होता म्हणून आज तुमच्याशी बोलतोय.

तेव्हा दोन गोष्टी. लॉकरिंगचा खास पाना मिळतो, तो विकत घ्या. छिन्नी-हातोडी लावू नका, खाचा जातात. आणि पुढचा ब्रेक हवाच. ब्रेक काढून टाकलेल्या फिक्सचे व्हिडिओ बघून तसं करणाऱ्या पोरांना मी हात जोडून सांगतो, ती सायकल ट्रॅकची आहे. आपल्याकडं उसातून कधी ट्रॅक्टर बाहेर येईल, सांगता येत नाही.

आणखी एक. सायकल उलटी करून, चाक फिरतं ठेवून, फडक्यानं चेन पुसायची सवय असेल तर फिक्सवर ती आजच सोडा. फडकं चेनबरोबर चक्रीत गेलं तर चाक थांबत नाही, बोट घेऊन जातं. चाक थांबवायचं, चार कड्या पुसायच्या, पुढं सरकवायचं. वेळ लागू दे.

चेनला खालीवर अर्धा इंच खेळ ठेवा. पायडल पूर्ण फिरवून बघा, कारण चक्री अगदी गोल नसते. एका जागी चेन ताठ होते, तिथला खेळ मोजायचा.

स्पर्धेत उतरणार असाल तर आधी नियम विचारा. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत रस्त्यावरच्या शर्यतीत फिक्सला बंदी आहे, दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. इंग्लंडमधल्या क्लबच्या टाइम ट्रायलमध्ये पुढं ब्रेक असेल तर फिक्स अजूनही चालते.

आता प्रत्यक्ष धावणं. सुटताना मागून कुणीतरी सीट धरतं. त्याआधी मागचं चाक उचलून उजवं पायडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणा, नंतर हलवता येत नाही. पहिली दोन मिनिटं जड जाणारच, दात ओठ खाऊ नका. वाऱ्याच्या तोंडी थोडा जास्त जोर, वारा पाठीवर आला की थोडा कमी. का, तर जाताना २८ आणि येताना ४०, याची सरासरी ३४ होत नाही, जेमतेम ३३ होते. पाच किलोमीटरला जाताना १० मिनिटं ४३ सेकंद लागतात, येताना साडेसात. वाऱ्याविरुद्ध तुम्ही जास्त वेळ असता, म्हणून तिथं वाचवलेला सेकंद मोठा.

वळताना पाय थांबत नाहीत, हे विसरू नका. सायकल आतल्या बाजूला जास्त झुकली तर आतलं पायडल रस्त्याला घासतं आणि मागचं चाक उचललं जातं. वेग आधीच कमी करा, सायकल सरळ ठेवा, मोठा फेरा घ्या. मी १६५ मिलिमीटरचे आखूड क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, वापरतो ते याचसाठी.

तर १७ का? काल रात्री नऊ वाजता गच्चीवर गेलो. शेजारच्या देवळाचा झेंडा पूर्वेकडं ताठ होता. वारा पडलेला असता तर १६ ठेवले असते. १८ काढून हातात घेतली होती, पण परतीचे ११९ फेरे मला अजून साडेसात मिनिटं जमत नाहीत. या पावसाळ्यात रोलरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल मारायच्या यंत्रावर, त्याचाच सराव करणार आहे.

(उसाकडं कॅमेरा)

शेंडे बघा, हलतायत. तांबडं फुटलं. मागचा दिवा लावला, हेल्मेट घातलं. सीट धर रे, पायडल दोनवर आहे. मोज.