हळदीच्या दुमडलेल्या पानात कोण राहतं?

(पान न तोडता कॅमेऱ्यासमोर धरून)

हे बघा. माझ्या गच्चीतल्या कुंडीतली हळद. या पानाची कड दुमडलीय, आणि जिथे ती मिटलीय तिथे बारीक पांढरे टाके दिसतायत? रेशमाचे आहेत ते. आत राहणाऱ्या अळीने घातलेत.

नागपंचमीला पातोळ्यांसाठी पानं काढताना असं पान हाती आलं की आपण ते फेकून देतो. हळद पिकवणारे शेतकरी हिला ‘पाने गुंडाळणारी अळी’ म्हणतात. शेतात ती फार झाली तर पिकाचं नुकसान होतं, ते खरंच आहे. पण कुंडीतल्या एका पानासाठी हिचा जीव घेऊ नका, कारण ही एका सुंदर फुलपाखराची अळी आहे. नाव ग्रास डेमन, म्हणजे गवतातला राक्षस. मला हे नाव मुळीच पटत नाही. तपकिरी पंख, मागच्या पंखांवर मोठा पांढराशुभ्र ठिपका, आणि टुणकन उडी मारल्यासारखं उडणं. म्हणून तर या कुळाला स्किपर म्हणतात.

आता आत डोकावूया. फिकट हिरवं अंग, काळं मोठं डोकं आणि मधे बारीक मान. ही मान म्हणजे स्किपरच्या अळीची खूणच!

आणि घर किती स्वच्छ, बघितलंत? विष्ठेच्या वासावर अळ्यांची शिकार करणाऱ्या गांधीलमाश्या येतात. त्यामुळे स्किपर कुळातल्या कितीतरी अळ्या विष्ठेची गोळी घराबाहेर लांब भिरकावतात. शेपटाकडे त्यासाठी कंगव्यासारखा अवयव असतो. अमेरिकेतल्या सिल्व्हर-स्पॉटेड स्किपरवर २००३ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे चारेक सेंटिमीटरच्या अळीने टाकलेली गोळी जवळपास दीड मीटरपर्यंत गेली होती. म्हणजे अळीच्या लांबीच्या सुमारे ३८ पट!

पुढे ती पानातच कोश करते. त्या कोशाचं टोक नीट बघा. एक बारीक नळी पोटाच्याही पुढे आलेली असते. आत घडत असलेली सोंड आहे ती. एवढी लांब सोंड असते म्हणूनच या फुलपाखराला खोल नळीच्या फुलांतला मध पिता येतो.

तुमच्याकडे हळद, आलं, सोनटक्का यातलं काहीही असेल तर पावसाळ्यात पानांच्या कडा बघत जा. आत बघायचंच असेल तर एका बाजूचे दोनच टाके सोडवा. या पानाचे मी काल संध्याकाळी सोडवले होते. सकाळी येऊन बघते, तर नवे टाके घातलेले.