मापात बसला म्हणजे सेल चालतो का?

(सांगलीतल्या एका वाचन कट्ट्यावरील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. टॉर्चला नवा चार्जिंगचा सेल कसा निवडावा, एवढ्या विषयाला भर पावसात खुर्च्या कमी पडल्या म्हणून आयोजक खूश आहेत. यातले निम्मे माझ्यानंतरच्या भजनासाठी जागा धरून बसलेत, हे त्यांना सांगू नका.

माझं म्हणणं एकच आहे. सेल टॉर्चच्या नळकांड्यावरून निवडायचा नसतो, चार्जरवरून निवडायचा असतो. हे मी घरात इतक्यांदा बोललोय की आता माझ्यासमोर कुणी रिमोटचे सेलसुद्धा बदलत नाही.

मुळात हा विषय डोक्यात शिरला तो शिराळ्याच्या दाजींमुळं. त्यांचा ऊस आहे. शेतीची थ्री-फेज लाईट रात्रीची असली की पाणी पाजायला रात्रीच जायचं, आणि तिकडं उसात बिबट्या. वनखात्याचं म्हणणं, माणसानं बोलत जावं, उजेड ठेवावा. दाजी बोलायला कमी पडत नाहीत, ते मला बहिणीच्या लग्नापासून माहीत आहे. उजेड मात्र दहा मिनिटांत बसायचा. टॉर्च चांगली होती, सेल म्हातारा झाला होता. मग ते बाजारात गेले. दुकानदारानं सेल नळकांड्यात सारला, झाकण फिरवलं, उजेड भिंतीवर मारला. “बसतंय न्हवं? मग चालतंय की!” सेलवर छापलेलं होतं ९९०० एमएएच, म्हणजे सेलात किती चार्ज मावतो त्याचा आकडा. दाजी खूश. आधीच्यावर नुसतं २६०० होतं, म्हणजे जवळजवळ चौपट माल!

तो सेल १८६५० मापाचा. जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळी. या मापात जगातले चांगले कारखाने ३५०० एमएएचच्या आसपास येऊन थांबतात. ९९०० हा आकडा सेलमध्ये नसतो, फक्त छापखान्यात असतो.

पण दाजींना हे पटेना. तेवढ्यात विट्याकडचे पाहुणे आलेले. गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा, दिवाळीला गावी आले तरी खिशातला छोटा काटा सुटत नाही. म्हटलं, ठेवा यावर. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतला याच मापाचा सेल भरला ४६ ग्रॅम. दाजींचा चौपट माल भरला २८. पाहुण्यांनी सेल बोटात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “डाग लई हाय ह्यात.” सोन्यात जी भेसळ पकडतात तीच नजर! असल्या बनावट सेलात पुष्कळदा आत लहानसा सेल आणि भोवती कसली तरी भुकटी असते. मात्र कापून बघायला जाऊ नका, पेट घेतो. पाहुणे निघालेच होते कात्री मागायला.

जाता जाता सांगतो, हे लिथियम-आयन सेल सोनीनं बाजारात आणले १९९१ साली, व्हिडिओ कॅमेऱ्यांसाठी. त्यामागच्या संशोधनाला नोबेल मिळालं २०१९ला, आपल्या महापुराच्या वर्षी. ते मिळवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांपैकी जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. पुढच्या रांगेनं धीर सोडू नये.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मुद्द्यावर येतो.

जुना सेल काढून त्यावरचं वाचा. भिंतीत पिन खोचायच्या स्वस्त टॉर्चमध्ये बहुधा ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. तिचा चार्जर तिला ४.८ व्होल्टपर्यंत नेतो, आणि पुष्कळदा वेळेवर थांबतही नाही. लिथियम-आयनला ४.२च्या वर नेणं म्हणजे आग. तेव्हा तिथं “लिथियम टाका, जास्त टिकतंय” हा सल्ला घेऊ नका, लेड-ॲसिडच टाका. ती पावसाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत कपाटात रिकामी पडली की सल्फेट धरून मरते, म्हणून अधूनमधून चार्ज करा. आणि पिन भिंतीत असताना टॉर्च उघडू नका, आत थेट २३० व्होल्ट असू शकतात.

लिथियमच्या जागी लिथियम घेतानाही नाव पुरतं वाचा. लिथियम-आयन ३.७ व्होल्टचा, लिथियम आयर्न फॉस्फेट ३.२चा, आणि तो ३.६५ला भरतो. मापं सारखी असतात, चार्जर वेगळे. आतच सुरक्षेची पट्टी असलेला सेल दोन-चार मिलिमीटर लांब असतो, काही टॉर्चमध्ये झाकण लागत नाही. टोकाला बटण आहे की सपाट, तेही बघा. सपाट टोक कधी कधी संपर्कालाच पोचत नाही.

पेन्सिल सेलच्या मापाचा १४५०० येतो, तोही ३.७चा. दीड व्होल्टच्या टॉर्चमध्ये टाकला तर एलईडी जाऊ शकतो. तिथं निकेलचा १.२ व्होल्टवाला घ्या, उजेड किंचित कमी पडेल. दोन सेल लागत असतील तर दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले. जुना-नवा संसार नको.

एमएएच? ते सगळ्यात शेवटी.

थांबतो. आणि तपासून घ्यायला म्हणून कुणी सुटे सेल खिशात घालून आणले असतील, त्याच खिशात घराच्या किल्ल्या असतील, तर आधी ते बाहेर काढा. प्रश्न नंतर विचारा.