पेटलुमाची मांजरं

(दृश्य: जाळीचे पिंजरे. उन्हात अंग चाटत बसलेली मांजरं.)

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पेटलुमा नावाचं गाव आहे. एके काळी कोंबडीच्या अंड्यांसाठी प्रसिद्ध होतं. विषाणूशास्त्रात मात्र ते ओळखलं जातं मांजरांमुळे.

१९८०च्या दशकात तिथे एका ठिकाणी बरीच मांजरं एकत्र ठेवलेली होती. पिंजरे वेगवेगळे होते. त्यांतल्या एका पिंजऱ्यातली मांजरं एकामागून एक झिजत चालली. कुणाच्या हिरड्या सुजलेल्या, कुणाचं नाक वाहायचं थांबेना, कुणाला जुलाब. काही मेलीही. असं झालं की पशुवैद्याला आधी शंका येते मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूची. तपासणी झाली. एकाही मांजरात तो सापडला नाही.

(दृश्य: प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक.)

साल १९८६. माणसांतल्या एड्सच्या विषाणूला ‘एचआयव्ही’ हे नाव मिळालं तेही याच वर्षी. पेटलुमाच्या मांजरांचं रक्त कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेत पोचलं. तिथे नील्स पेडरसन होते आणि जॅनेट यामामोटो होत्या. पुढची गोष्ट मुख्यतः यामामोटोंची आहे.

त्या रक्तात एक नवा विषाणू निघाला. टी-पेशींवर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या मुकादमांवरच, तो हल्ला करत होता. आजारी दिसणाऱ्या २५ मांजरांपैकी १० जणींत त्याची प्रतिपिंडं (अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) सापडली. धडधाकट १८ मांजरांत फक्त एकीत. फेब्रुवारी १९८७मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याच लेखात एक वाक्य होतं: हा विषाणू आणि एचआयव्ही यांच्या प्रतिजनांत, म्हणजे शरीर विषाणूला ज्यांवरून ओळखतं त्या भागांत, काही नातं दिसत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

विषाणूचं नाव पुढे एफआयव्ही पडलं, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू. तो माणसाला होत नाही, हेही तेव्हाच सांगितलं गेलं. तो पसरतो मुख्यतः चाव्यातून. रात्री कौलांवर भिडणारे बोके ज्यांनी ऐकलेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. मोकाट फिरणाऱ्या नरांत हा रोग जास्त, घरात लोळणाऱ्या मांजरीत कमी.

(दृश्य: लशीची कुपी, सिरिंज.)

यामामोटो पुढे फ्लोरिडा विद्यापीठात, गेन्सव्हिलला गेल्या आणि लशीच्या मागे लागल्या. पद्धत जुनीच होती: विषाणू मारायचा आणि तोच टोचायचा. अडचण अशी की हा विषाणू सतत रूप बदलतो, त्याचे उपप्रकार आहेत. म्हणून त्यांनी दोन विषाणू एकत्र घेतले. एक कॅलिफोर्नियाचा, ‘पेटलुमा’ याच नावाचा, आणि दुसरा जपानमधल्या शिझुओकाचा. २००२मध्ये अमेरिकेत या लशीला परवानगी मिळाली. तीन डोस, दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं. प्रतिकारशक्ती पोखरणाऱ्या या जातीच्या विषाणूविरुद्ध बाजारात आलेली ही पहिली लस. माणसासाठी नाही, मांजरासाठी!

मग माणसासाठी हेच का नाही केलं? कारण कुपीत एक जरी विषाणू जिवंत राहिला तर? एचआयव्हीच्या बाबतीत ही जोखीम पत्करायला फारसं कुणी तयार नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

आता लशीची गंमत बघा. गंमत कसली, पंचाईतच. मांजराला एफआयव्ही आहे की नाही, हे दवाखान्यात ठरतं प्रतिपिंडांवरून. लस टोचली की तीच प्रतिपिंडं तयार होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे निरोगी, लस घेतलेलं मांजर चाचणीत रोगी ठरणार. समजा ते घरातून हरवलं, मोकाट मांजरांच्या निवाऱ्यात पोचलं, तिथे चाचणी पॉझिटिव्ह आली. पुष्कळ निवाऱ्यांत अशा मांजराच्या वाट्याला एकच इंजेक्शन यायचं, शेवटचं. म्हणून पशुवैद्य सांगू लागले, लस देणार असाल तर कातडीखाली ओळख पटवणारी मायक्रोचिपही बसवा.

त्यात संरक्षणही सर्वत्र सारखं मिळेना. ग्लासगोच्या एका विषाणूपुढे लस टिकली नाही. ऑस्ट्रेलियात घरोघरच्या मांजरांची पाहणी झाली, तिथे संरक्षण ५६ टक्क्यांच्या आसपास भरलं, आणि मांजरं इतकी थोडी होती की तो आकडाही डळमळीतच. शेवटी अमेरिका आणि कॅनडात लस बाजारातून गेली. माझ्या मते ती विषाणूपेक्षा चाचणीपुढे जास्त हरली.

(दृश्य: विषाणूचं रेखाचित्र. बाहेरचं आवरण विरतं, आतला गाभा उजळतो.)

पण यामामोटोंच्या प्रयोगशाळेत दुसरंच काही चाललं होतं. विषाणूचं बाहेरचं आवरण झपाट्यानं बदलतं, आतला गाभा त्या मानानं कमी. गाभ्याच्या प्रथिनाला पी-२४ म्हणतात. त्यांनी एचआयव्हीचं, म्हणजे माणसाच्या विषाणूचं, पी-२४ मांजरांना टोचलं आणि मग त्यांच्या अंगात एफआयव्ही सोडला. बरीच मांजरं बचावली. हा निष्कर्ष २००५चा. नातं दिसत नाही असं ज्या लेखात म्हटलं होतं, त्याच्या लेखकांत यामामोटो स्वतः होत्या!

योगायोग असा की त्याच २००५मध्ये पुण्यात, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, एचआयव्ही लशीची भारतातली पहिली मानवी चाचणी सुरू झाली. त्या लशीतही गाभ्याची प्रथिनं बनवणारं जनुक होतं. लस सुरक्षित ठरली, पण शरीराचा प्रतिसाद तोकडा पडला.

२०१३मध्ये यामामोटोंनी प्रयोग उलटा केला. सोबत होते सॅन फ्रान्सिस्कोचे संशोधक जे लेव्ही, एचआयव्ही सर्वांत आधी शोधणाऱ्यांपैकी एक. या वेळी मांजराच्या विषाणूचे तुकडे घेतले आणि एचआयव्हीबाधित माणसांच्या रक्तातल्या टी-पेशींसमोर ठेवले. एका तुकड्याला त्या पेशींनी प्रतिसाद दिला. तो तुकडा होता विषाणूच्या ज्या विकराशिवाय (एन्झाइमशिवाय) त्याची नक्कलच होत नाही, त्या विकराचा. तिथे फार बदल करणं विषाणूलाही परवडत नाही.

(दृश्य: पुन्हा पेटलुमा. संध्याकाळ. कुंपणावर एक बोका, कान फाटलेला.)