टिळकांची प्रार्थना आणि नागपूरची ती गाडी

नमस्कार मंडळी, नागपुरातून बोलतोय. आजचा माणूस आहे रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्य नव्हेत बरं का! शाळेत 'फुलामुलांचे कवी' म्हणून शिकलो, ते.

जन्म १८६१, कोकणातला. संस्कृतचा व्यासंग दांडगा. आपल्या नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते राहिले होते. पुढे १८९३ च्या सुमारास ते राजनांदगावच्या गाडीत बसले. डब्यात एक गोरे पाद्री. साहेबलोक तेव्हा आपल्या माणसांशी कसे वागायचे ते सांगायला नको. पण हे गृहस्थ अदबीने बोलले, संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या. निरोप घेताना त्यांनी टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला आणि म्हणाले, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना हे काही पटलं नाही. पण वाचेन असा शब्द दिला होता, म्हणून वाचायला घेतलं.

तेही पेन्सिल हातात धरून, आवडलेल्या ओळींवर खुणा करत. त्यातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायाशी, म्हणजे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथेच गुंतले. एरवी पाच ते सात हे तीन अध्याय गाडी नागपूरजवळचं कामठी ओलांडायच्या आत वाचून होतात! प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लावून घे, हेही त्याच प्रवचनात आहे. माइक तोंडाशी धरून, घसा फोडून केलेल्या प्रार्थना आपण सगळ्यांनीच ऐकल्यात. कुणाला नावं ठेवत नाही, पण तो अध्याय त्यांनीही एकदा उघडावा.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. नातलग दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या.

आता प्रार्थनेचं. टिळक देवापुढे नुसती मागण्यांची यादी वाचत नव्हते. ख्रिस्त त्यांचा गुरू, ख्रिस्तच माउली. तुकोबा विठ्ठलाशी जसे रुसतात, भांडतात, लाडात येतात, त्याच वळणाने टिळक अभंगातून ख्रिस्ताशी बोलतात. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगायचे. मला विचाराल तर त्यांची सगळी ताकद इथे आहे: देव नवा, पण त्याच्याशी बोलायची रीत घरचीच. कीर्तनही ते करायचे. आजही मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'उपासना संगीत' हे भजनांचं पुस्तक उघडा, त्यांची भजनं पानापानावर भेटतात.

आणि हे नुसतं गाण्यापुरतं नव्हतं. १९१७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी मिशनची, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेची, नोकरी आणि पगार दोन्ही सोडले. साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. मिशनमधल्या अनेकांच्या पचनी हे पडलं नाही. दरबार जेमतेम रुजत होता, तोच ९ मे १९१९ ला टिळक गेले.

लक्ष्मीबाईंनी १९०० साली स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. मधल्या वर्षांत त्यांनी काय काय सोसलं, त्यावर पुढचा व्हिडिओ. प्रश्न असतील तर खाली कमेंटमध्ये टाकून ठेवा.