चावी फिरवायच्या आधी

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते ट्रक-ट्रेलर चालवणाऱ्या मंडळींशी, आणि गाडीमालकांशीही. विषय रोजचाच आहे, सकाळची तपासणी. ती बरेच जण करतात, पण आधी इंजिन चालू करतात आणि ब्रेकच्या टाकीत हवा भरेपर्यंत गाडीभोवती एक चक्कर मारतात. इथेच घोटाळा होतो. ऑइल, इंजिन थंड ठेवणारं कूलंट आणि टायरचा दाब यांची खरी स्थिती कळते ती गाडी थंड असताना. म्हणून चावीला हात लावण्याआधी पंधरा-वीस मिनिटं राखून ठेवा. आणि रात्री गाडी सपाट जागेवर लावा, उतारावरच्या गाडीचं ऑइल मोजून काही कळत नाही.

सुरुवात जमिनीपासून करा. वाकून गाडीखाली बघा. काळा डाग इंजिन ऑइलचा. हिरवट किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत लागणारा डाग कूलंटचा. लालसर डाग बहुधा पॉवर स्टीअरिंगच्या ऑइलचा. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअरबॉक्स किंवा मागच्या धुऱ्यातल्या क्राउनचं ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला, ड्रमपाशी ओलं तेलकट दिसलं तर मात्र गाडी हलवू नका. हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं, सील गेलेलं असतं, ते तेल किंवा ग्रीस ब्रेकच्या लायनरवर उतरतं, आणि मग ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

आता ऑइल. इंजिन रात्रभर बंद असेल तर उत्तमच, नाहीतर बंद केल्यावर किमान दहा मिनिटं थांबा. गेजची पट्टी काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. फडकं धागे न सुटणारं हवं. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. कमी असेल तर थोडं थोडं टाका. वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर क्रँक ते घुसळते, फेस होतो, आणि फेसाळ ऑइल बेअरिंगला आधार देत नाही.

पातळी आपोआप वाढलेली दिसली तर ती आणखी वाईट खूण. पट्टी नाकाशी धरा. डिझेलचा वास आला तर इंजेक्टर किंवा पंपातून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल तर कूलंट शिरलंय, हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर तपासायला हवा. दोन्ही बाबतींत गाडी चालू न करता मेकॅनिकला बोलवा.

कूलंटची पातळी टाकीवरच्या खुणांवरून बघा. झाकण गरम असताना उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. आणि ढाब्यावरच्या बोअरवेलचं पाणी ओतायची सवय सोडा. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, आणि उन्हाळ्यात घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो. कंपनीने सांगितलेलं कूलंट त्यांनी दिलेल्या प्रमाणातच टाका. एक कॅन गाडीत ठेवण्याचा खर्च मालकाने करावा, तो चालकाच्या भत्त्यातून निघू नये.

एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-सहा या प्रदूषण मानकाच्या गाड्यांना आणखी एक टाकी आली, डीईएफची, म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइडची. चालक मंडळी त्याला युरिया म्हणतात. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी असतं. साधं पाणी किंवा शेतीचा युरिया कालवून टाकला की एक्झॉस्टमधली धूर स्वच्छ करणारी महागडी यंत्रणा बिघडते. निळं झाकण ओळखा. या टाकीत चुकून डिझेल गेलं तर चावी अजिबात फिरवू नका, पंप ते ओढून घेतो. जोडापाशी पांढरे खडे जमलेले दिसले तर तिथे गळती आहे.

पावसाळ्यात डिझेलच्या फिल्टरखालचा वॉटर सेपरेटर रोज मोकळा करा. काचेच्या बाटलीत अर्धा कप काढून मिनिटभर ठेवा, पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या कॉमन रेल इंजिनच्या इंजेक्टरला एवढंसं पाणीही महाग पडतं. क्लचच्या डबीतल्या द्रवाची पातळी उतरली असेल तर कुठेतरी गळती आहे, नुसतं भरून निघू नका. त्यात इंजिन ऑइल तर टाकूच नका, रबरी सीलं फुगतात.

टायरवर पाना मारून आवाज ऐकायची पद्धत जुनी आहे, पण त्यातून पार बसलेला टायरच कळतो. २०-२५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी झालेले कानाला कळत नाहीत. ठरलेल्या दाबापेक्षा २० टक्के कमी हवा असलेला टायर पंक्चरच समजावा. जोडचाकात, म्हणजे शेजारी-शेजारी लावलेल्या दोन टायरांत, हे फसवं असतं. आतला बसलेला असतो, बाहेरचा दुप्पट वजन घेऊन तापतो, आणि फुटतो तो बाहेरचा. म्हणून आतल्या टायरलाही गेज लावा, दोन्हींच्या मध्ये अडकलेला दगड काढा. गरम टायरचा दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका. नटाभोवती गंजाचा ओघळ किंवा घासून चमकलेला पत्रा दिसला तर नट ढिला आहे.

आता चावी फिरवा, कारण ब्रेकची तपासणी हवेशिवाय होत नाही. आदल्या संध्याकाळी हवेच्या टाक्यांचे ड्रेन कॉक उघडून पाणी काढलेलं असावं. हवेतला ओलावा शोषणारा ड्रायर असूनही रोज पाणी निघत असेल तर त्याचं कार्ट्रिज संपलंय. पाण्याबरोबर काळं तेल आलं तर कॉम्प्रेसर बघून घ्या.

हवा पूर्ण भरली की चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद करा आणि हँडब्रेक सोडा. तो लावलेला असेल तर मागच्या स्प्रिंग चेंबरमध्ये हवा नसते, तिथली गळती दिसणारच नाही. आता पायाचा ब्रेक एक मिनिट दाबून धरा आणि हवेच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवा. अमेरिकेत जड वाहनाच्या परवाना परीक्षेत साध्या ट्रकला मिनिटाला ३ पीएसआय आणि ट्रेलर जोडलेल्या गाडीला ४ पीएसआय एवढीच घट चालते. तीन पीएसआय म्हणजे जेमतेम ०.२ बार. हाच निकष आपणही धरावा. मग पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा कमी करा. हवा कमी झाल्याचा इशारा देणारा बझर वाजलाच पाहिजे. तार काढून बझर गप्प केलेली गाडी घाटात नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ब्रेकचं ॲडजस्टमेंटही याच वेळी बघा. बोरघाट किंवा कसारा उतरताना ड्रम तापून प्रसरण पावतो आणि लायनरपासून लांब जातो. सकाळी ब्रेक चेंबरचा, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्याचा, दांडा थोडासाच जास्त बाहेर येत असेल, तर घाटात त्याची पूर्ण चाल संपते. पेडल दाबलेलं, टाकीत हवा भरपूर, तरी ब्रेक लागत नाही. या दांड्याची चाल ठरवणारा स्लॅक ॲडजस्टर वेळेवर तपासला की हे टळतं. दोन्ही बाजूंची चाल सारखी हवी. आणि उतारावर न्यूट्रल कधीच नको.

दिवे, इंडिकेटर, पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल चमकपट्टी, हे एका फेरीत होतं. चिखल पुसायला फडकं ठेवा.

गाडी निघाल्यावर गेटपाशीच हळू वेगात एकदा ब्रेक मारून बघा, कुठे ओढते ते कळेल. टायर बदलला असेल तर ५० ते १०० किलोमीटरवर नट पुन्हा आवळा. पहिल्या थांब्यावर प्रत्येक हबजवळ तळहाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग घट्ट आहे किंवा ब्रेक चिकटतोय. तो तिथेच बघून घ्या, आणि काय सापडलं ते वहीत तारखेसह लिहा, म्हणजे गाडी पुढच्या चालकाच्या हाती गेल्यावर त्यालाही कळेल.