पणजीच्या लुगड्याचं झबलं

(दृश्य : ओटा. दोन हातांत हिरवं लुगडं. कापड फाटण्याचा आवाज पूर्ण ऐकू द्यावा, मगच निवेदन सुरू.)

कात्री फक्त काठापुरती लागली. काठ कापला, दोन्ही बाजू मुठीत धरल्या आणि एका झटक्यात कापड उभं फाडलं. सुती कापड असं फाडलं की धाग्याच्या रेषेतच फाटतं. खडूनं रेघ मारावी लागत नाही, कडही सरळ येते.

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातलं हे गाव. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलीय. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, आता बाळाला दोन महिने झालेत. थोरली मुलगी चार वर्षांची, ती सगळ्या चित्रीकरणभर कॅमेऱ्यासमोरून पळतेय. आणि ओट्यावर आजी बसल्यात, समोर हातमशीन, मांडीवर लुगडं.

"हाई मन्ही सासूनं लुगडं शे," आजी सांगतात.

म्हणजे बाळाच्या पणजीचं. नऊवारी, साधारण सव्वाआठ मीटर. पणजी गेल्या, लुगडं ट्रंकेत राहिलं. दारावर भांडी घेऊन येणाऱ्या बोहारणीला आजींनी जरीच्या, सिंथेटिक साड्या दिल्या, त्यांवर स्टीलचे डबे घेतले. हे लुगडं मात्र दिलं नाही.

(दृश्य : लुगडं उन्हासमोर ताणून धरलेलं. मागून प्रकाश.)

इथं जरा थांबून बघा. आजी कापड उन्हासमोर धरतायत. जिथं वीण विरलीय तिथून ऊन जास्त येतं, तो भाग उजळ दिसतो. नऊवारीत सगळ्यात आधी झिजतो तो काष्ट्याचा आणि बसण्याचा भाग. पदर आणि पदराअलीकडचा हात-दोन हात तुकडा टिकून राहतो. आजी बोटानं खुणा करत जातात : इथून इथपर्यंत बाळाचं, हे विरलेलं गोधडीचं, आणि हा काठ बंदांसाठी.

या तुकड्यावर तपकिरी शिंतोडे दिसतायत तो केळीचा चीक. तापीच्या या पट्ट्यात, चोपड्यापासून यावल-रावेरपर्यंत, केळीच्या बागेत काम केलेल्या बाईचं एकही लुगडं या डागांवाचून सापडणार नाही. चीक ओला असताना पाण्यासारखा दिसतो, वाळला की तपकिरी होतो आणि मग कशानंही निघत नाही. आजी डाग असलेला भाग फेकत नाहीत. तो आतल्या पट्टीला जातो, बाहेरून दिसत नाही.

(दृश्य : बाळाच्या अंगावर उताणा तळवा. मग तोच तळवा कापडावर.)

माप घ्यायला टेप नाही. एक वीत आणि चार बोटं, एवढी झबल्याची उंची. इंचात मोजली तर बारा. रुंदीला बाळाची छाती आणि वर चार बोटं मोकळी, कारण दोन महिन्यांचं मूल आठवड्याला वाढतं.

कापडाची चौघडी घातली. वर जुनं झबलं ठेवलं, त्याच्याभोवती कात्री फिरली. नीट पाहिलं तर लक्षात येईल, बाही वेगळी कापलेलीच नाही. अंग आणि बाही एकाच तुकड्यात. मुंढ्याला जोड नसला की काखेत शिवण येत नाही, आणि तान्ह्या बाळाला सगळ्यात आधी रगडते ती काखेतलीच शिवण. समोरून झबलं पूर्ण उघडं. ज्या बाळाची मान अजून धरत नाही, त्याच्या डोक्यावरून कपडा ओढायचा नसतो. त्याला उघड्या झबल्यावर निजवायचं, एकेक हात आत सरकवायचा आणि बंद बांधायचा.

बाजूच्या शिवणीत आजींची खरी कारागिरी दिसते. नेहमीच्या कपड्यात शिवणीचे दोरे आतल्या बाजूला, अंगाला लागतात. आजी आधी सुलटावर सुलट ठेवून एक टीप मारतात. सुटलेले दोरे कातरतात. मग कपडा उलटवून त्याच जागी दुसरी टीप घालतात. आता दोरे दोन टिपांमध्ये बंद झाले आणि शिवणीचा उंचवटा बाहेरच्या बाजूला आला. आत हात फिरवला तर काहीच लागत नाही. बाजारात मिळणाऱ्या तान्ह्या बाळाच्या कपड्यांत आम्ही ही शिवण शोधली. जे कपडे आम्ही उलटून पाहिले, त्यात ती नव्हती.

(दृश्य : अगदी जवळून सुई. टीप पडतेय.)

सुई ११ नंबरची. लुगडं इतकं मऊ झालंय की जाड सुई लावली तर प्रत्येक टाक्याला भोक पडतं आणि पहिल्याच धुण्यात टीप उसवते. डाव्या हाताला कापड, उजव्या हाताला मशीनचं चाक. हातमशीनचं हेच बरं असतं, गळ्याच्या वळणावर एकेक टाका मोजून टाकता येतो.

गळ्याला तिरकी पट्टी. कापड कोनात घडी घालून त्या घडीवर पट्ट्या कापतात. उभ्या-आडव्या धाग्यात कापड ताणत नाही, तिरकं धरलं की ताणतं. म्हणून तिरकी पट्टी गोल गळ्यावर चुणी न पडता बसते. सरळ पट्टी लावली असती तर गळा सगळा गोळा झाला असता. हे आजी कुठल्या शिवणवर्गात शिकल्या नाहीत.

बंद काठाचे. काठाची वीण दाट, ओढलं तरी तुटत नाही. बंद गळ्याजवळ न लावता काखेखाली बाजूला लावले, आणि तेही चार बोटांचेच. लांब बंद मानेभोवती अडकू शकतो. बटण नाही, टिचबटणही नाही. मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि तुटलेलं बटण घशात अडकायला वेळ लागत नाही.

(दृश्य : झबलं धुऊन वाळत घातलेलं. मग बाळाला घालताना. पंधरा सेकंद निवेदन नाही.)

"नवं कापड पोरले टोचस," आजी म्हणतात. कोऱ्या कापडात खळ असते. नवं मांजरपाट दोन-तीनदा धुतल्याशिवाय बाळाच्या अंगाला लावू नये, हे इथल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. या लुगड्यातली खळ जाऊन कित्येक वर्षं झाली.

(दृश्य : उन्हाचा रस्ता. ओसाड काळी शेतं. घरामागे रचलेल्या पऱ्हाट्या.)

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. बाहेरची काळी जमीन बघा, भेगाळलेली. कापूस कधीच वेचून झाला, पऱ्हाट्या चुलीसाठी घरामागे आल्या. खानदेशानं पिढ्यान् पिढ्या कापूस पिकवला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेना तेव्हा मुंबई इलाख्यातल्या कापसाला अभूतपूर्व भाव आला, आणि त्यात खानदेशही होता. पुढं जळगावात खानदेश मिल उभी राहिली, अमळनेरात प्रताप मिल. शेतातला कापूस, गावातली जिनिंग, जवळच्या शहरातली मिल असा धाग्याचा सगळा प्रवास याच जिल्ह्यात होत होता. फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा चरखा आणि खादी हा तिथला मोठा विषय होता. हे सगळं याच मातीतलं आहे, म्हणून एवढं सांगावंसं वाटलं.

मिलचे भोंगे बंद झाले. जळगावच्या मिलच्या जागेवर आता खरेदी-संकुल आहे.

(दृश्य : आठवडे बाजार. दोरीवर लटकलेले जाळीचे, चमकीचे फ्रॉक.)

पश्चिमेला सुरत. तापीच्या काठाकाठानं येणाऱ्या रेल्वेनं सुरतेचं कापड इकडं आलं आणि साड्या हलक्या, स्वस्त, न चुरगळणाऱ्या झाल्या. नेसणाऱ्या बाईची त्यात सोय आहे, धुवायला सोपी, लगेच वाळते, आणि शेतात राबणाऱ्या बाईला ती सोय नाकारायची नाही. पण लहान मुलाच्या अंगाचा हिशेब वेगळा. सुती धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घाम कापडानं शोषला नाही तर तो कातडीवरच राहतो. मानेच्या वळकटीत, काखेत, लंगोटाच्या कडेला घामोळ्या येतात.

दोरीवरचे फ्रॉक आम्ही हातात घेऊन पाहिले. आतून जाळीचं कडक अस्तर, कमरेला नायलॉनची शिवण. आखाजीला लेकी माहेरी येतात, नातवंडांना नवं घ्यायचं असतं, आणि चमकी डोळ्यात भरते. घेणाऱ्या आजोबांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण एवढं म्हणावंच लागेल की झोक्याजवळ खेळणाऱ्या पोरीला तो फ्रॉक तासाभरात काढून टाकावासा वाटतो, आणि ती तो काढून टाकतेच.

(दृश्य : पुन्हा ओटा. खुंटीवरून चौकड्यांचा शर्ट काढला जातो.)

हा घरच्या मामाचा शर्ट. कॉलर फाटली. पुरुषाच्या शर्टाची पाठ आणि खालचा घेर मात्र बहुधा शाबूत असतो. लेक आता मशीनवर बसलीय, आजी शेजारून सांगतायत. चार वर्षांच्या मुलीचा फ्रॉक करायचाय.

यातली युक्ती ही की शर्ट उलटा फिरवायचा. बटणपट्टी मुलीच्या पाठीवर येते. काज तयार, बटणं तयार, म्हणजे फ्रॉकमधलं सगळ्यात किचकट काम वाचलं. प्रत्येक बटण ओढून बघायचं, सैल असेल तर पुन्हा टाचायचं. शर्टाच्या खालची दुमड तशीच फ्रॉकची दुमड. ती उसवायची नाही. वरचा खांद्याचा भाग, ज्याला दुहेरी कापड असतं, तो मुलीच्या मापाला कापून त्याचाच बॉडीचा तुकडा. बाह्यांमधून फुग्याच्या दोन छोट्या बाह्या. खिसा उसवून पुढं बाजूला लावला, कारण मुलीनं तसं सांगितलं. ती आता पळायची थांबलीय.

(दृश्य : मुलगी मशीनला टेकून उभी. आईचा हात चाकावर.)

घेराला चुण्या पाडायच्या तर टीप मोठी करायची, दोन समांतर टिपा मारायच्या आणि खालचा दोरा हळूहळू ओढायचा. चुण्या हातानं सारख्या करत बॉडीला टाचायच्या. कमरेला आत तीन बोटं माया, म्हणजे जादा कापड, ठेवली. आणि खाली, दुमडीच्या वर, दोन आडवे टक, म्हणजे घडी घालून शिवलेल्या पट्ट्या, घातले. एक इंचाचा टक कापडाची दोन इंच लांबी पोटात घेतो. दोन टक म्हणजे चार इंच उंची आत जपून ठेवली. पोरगी वाढली की एक टक उसवायचा, पुढच्या वर्षी दुसरा.

घरातला असाच जुना फ्रॉक आजींनी दाखवायला काढला.

(दृश्य : जुन्या फ्रॉकचा उसवलेला टक, जवळून.)

टक उसवलेल्या जागी एक गडद पट्टा दिसतो. बाकीचा फ्रॉक उन्हानं आणि धुण्यानं फिका पडला, टकाच्या आत दडलेला रंग तसाच राहिला. टिपेच्या जुन्या खुणा झाकायला त्यावर पांढरी फीत लावलीय. अशा फिती मोजून एखादा कपडा किती वर्षं घातला गेला ते सांगता येतं. या फ्रॉकला दोन फिती आहेत, म्हणजे तो निदान तीन उन्हाळे चालला. आज ज्या कपड्याला शिवणीत माया सोडलेलीच नसते, तो मूल वाढल्याबरोबर टाकून द्यावा लागतो. शिकवणारी बाई आणि घरातलं मशीन दोन्ही कमी होतायत.

महिला बचत गटांत शिवणकाम शिकवलं जातं, पण बहुतेक ठिकाणी पिशव्या आणि ब्लाऊज. झबलं, टोपडं, कुंची शिकवली जावी असं आम्हाला मनापासून वाटतं. त्याला कापड फार लागत नाही, मोठं मशीन लागत नाही, आणि प्रत्येक गावात दर महिन्याला कुठं ना कुठं पाळणा हलतोच. संक्रांतीनंतर बोरन्हाणाला काळं झबलं लागतं, तेही बहुतेक जणी आता विकत आणतात. ट्रंकेत काळी सुती चंद्रकळा असेल तर त्यातून एका संध्याकाळी होतं.

(दृश्य : उरलेले तुकडे ढिगानं. आजी निवडतायत.)

लुगड्यातून किती निघालं बघा. चार झबली. दोन टोपडी. लंगोटांची चळत, दुहेरी कापडाचे. विरलेल्या भागाचे थर गोधडीत गेले. बोटभर रुंदीच्या चिंध्या एका पिशवीत भरल्या, त्या उशीत जातील.

(दृश्य : शेजारची वहिनी ओट्यावर येते, हातात वर्तमानपत्र.)

शेजारची वहिनी आलीय. तिला आठवा महिना आहे. तिच्या घरी सासूचं एक पांढरं धोतर आहे, म्हणजे सासऱ्यांचं, सासूनं जपलेलं. तिला झबल्याचा नमुना हवाय. आजी वर्तमानपत्राची चौघडी घालतात, त्यावर झबलं ठेवतात आणि कोळशानं रेघ काढतात. वहिनी विचारते ते लेक कडेला लिहून देते : उंची एक वीत चार बोटं. मागचा गळा एक बोट खोल, पुढचा दोन. बाही वेगळी कापू नको. पट्टी तिरकीच काप. धोतर आधी गरम पाण्यात उकळून घे, कडक उन्हात वाळव, मगच कात्री लाव.